न घेतलेली माणसं

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबली तेव्हा आधी तिला हसूच आलं. उभा जन्म लिफ्ट बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेला, आणि अडकायचं कुठे, तर दाताच्या डॉक्टरकडून खाली उतरताना, अर्धा जबडा बधिर असताना, भलत्याच कंपनीच्या लिफ्टमध्ये. वरचा दिवा विझून कोपऱ्यातला छोटा पिवळा दिवा लागला होता. आरशात तिला आपला चेहरा दिसला, ओठ एका बाजूला ओघळलेला, जणू तो कुणा दुसऱ्याच बाईनं काही वेळापुरता ठेवायला दिला होता. घाई तशी नव्हती. बैठक दुपारी होती. पण ती बैठक सकाळपासून तिच्या अंगात खेळत होती, लहानपणी सहलीचा दिवस खेळायचा तशी. ती एक पायरी वर जाणार होती, तिच्या खुर्चीत आता कुणाला बसवायचं ते आज ठरणार होतं, आणि ते ठरवणार कोण, तर तीच. देखभाल विभागाची सगळी माणसं तिनं निवडलेली. कारखान्यात तिला समोर मॅडम म्हणत आणि पाठीमागे पारखी. माणूस दारातून आत येऊन खुर्ची ओढतो, तेवढ्यात तिला कळतं, असं सगळे म्हणत. शितावरून भाताची परीक्षा, असं ती स्वतः म्हणे. नवरा एकदा म्हणाला होता, तू घरी भाजी निवडतानासुद्धा मुलाखत घेतेस, बिचारी भेंडी घाबरते. त्या बोलण्याचाही तिला मनातून अभिमानच वाटला होता.

तिनं मदतीचं बटण दाबलं. थोड्या वेळानं जाळीतून एका पुरुषाचा आवाज आला, आत कोण आहे म्हणून. एकटीच आहे, ती म्हणाली, आणि अर्धी जीभ लाकडाची झालेली असूनही जमेल तेवढ्या वेगानं पुढचंही सांगून टाकलं, की दरवाज्याच्या कुलपाचा संपर्क सुटला असणार, जुन्या लिफ्टला हे होतंच, वर जाऊन वीज एकदा बंद करून पुन्हा चालू करा, क्षणाचं काम आहे. पलीकडे काहीच नाही. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिनं पुन्हा सांगितलं. मग तो आवाज म्हणाला, "थांबताना धक्का बसला का हळूच थांबली?" हळूच, ती म्हणाली. पुन्हा काही नाही. ही शांतता तिला दातापेक्षा जास्त दुखली. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली रिकामी जागा तिला कधीच सोसत नसे. ती जागा दिसली की कुणाची तरी अब्रू चाललीय असं तिला वाटे, आणि ती भरून काढायला ती धावून जाई.

हे घरातूनच आलं होतं. वडील मोजणी खात्यात होते. दिवसभर जमिनी मोजून घरी आले की जेवताना मुलांना मोजत. ताट समोर आलं की प्रश्न सुरू. एका नळानं टाकी भरते, दुसऱ्यानं रिकामी होते. तीन भावांनी एक शेत वाटून घेतलं. बंद खोलीत दिवा जळतोय की नाही हे बाहेरून कसं ओळखाल. तिचं उत्तर वडिलांचं वाक्य संपायच्या आत ओठावर असे. शाब्बास, ते म्हणत, आणि त्या एका शब्दानं तिच्या कानाच्या पाळ्या तापत. शेजारी दादा मान खाली घालून बसलेला. तो काही बोलत नसे. आमचा दगड, वडील हसून म्हणत, आणि तीही हसे, कारण त्या हसण्यात वडिलांच्या बाजूला बसायला मिळे. तेव्हापासून तिच्या मनात जगाचे दोन भाग झाले होते, झटकन बोलणारे आणि दगड. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण खोलीत जन्मापासून असलेल्या खिडकीकडे आपण बघत नाही, खिडकीतूनच बघतो, तसं ती या वाटणीतून माणसं बघत आली होती.

डोक्यावर पावलं वाजली. म्हणजे हा मघापासून जिने चढत होता. मग कुणीतरी ओरडून कुणाला तरी काही विचारलं, पाण्याबद्दल काहीतरी, आणि पुन्हा बराच वेळ सामसूम. मग ब्रेक सुटल्याचा तिच्या ओळखीचा खळ् आवाज झाला आणि लिफ्ट हातभर, मग आणखी हातभर, खाली सरकू लागली. वर कुणीतरी हातानं चाक फिरवत होतं, एकसारखं, न दमता, कुठेही हिसका न बसता. डोळे मिटून ते सरकणं अंगावर घेताना तिच्यातली कारागीर खूश झाली. हे हात कुणाचे आहेत ते बघायला हवं, तिच्या मनात आलं.

दार उघडलं तेव्हा समोर एक तिशी ओलांडलेला माणूस उभा होता, कोपरापर्यंत ओला, कान मोठे आणि बाहेर आलेले. गच्चीवरची टाकी पाझरतेय, तो म्हणाला, पाणी भिंतीतून उतरून नेमकं वीजपेटीवर गळतंय. चालू केली असती तर पेटी गेली असती, आणि पुढे काय झालं असतं ते सांगता येत नाही. तिचा चेहरा गरम झाला, बधिर बाजूसकट. तो सहज म्हणाला, "आतून ते दिसत नाही. मी आत असतो तर मीही तेच म्हणालो असतो." आणि हे म्हणण्याआधी त्यानं तिच्याकडे न बघता जिन्याच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. त्या पाहण्यावरून तिला ओळख पटली. कान नव्हते लक्षात राहिले, ती खिडकीकडे वळलेली मान राहिली होती. काही वर्षांपूर्वी हाच तिच्यासमोर बसला होता. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकलीय, आत एकटी वयस्क बाई आहे, काय कराल, हा तिचा नेहमीचा प्रश्न तिनं विचारला होता आणि हा गृहस्थ खिडकीबाहेर बघत इतका वेळ गप्प बसला होता, की शेवटी तिनंच, त्याची लाज राखायची म्हणून, धन्यवाद, कळवू, असं म्हणून त्याला उठवलं होतं. कळवलं अर्थातच नव्हतं.

आमच्याकडे एकदा येऊन गेलात ना, तिनं विचारलं. तो थांबला, मग म्हणाला, हो, तुम्ही मॅडम, तुमच्यामागे कॅलेंडर वाकडं लागलं होतं. त्याच्या बोलण्यात कुठे खुन्नस नव्हती. आता त्याची स्वतःची लहानशी कंपनी होती, हाताखाली माणसं होती, या गल्लीतल्या बऱ्याच इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या, आणि ते सांगताना त्याचे कान थोडे लाल झाले. तिला काहीतरी मोकळं, मोठ्या मनाचं बोलावंसं वाटलं. ती हसून म्हणाली की माझी निवड आजवर एकदाही चुकली नाही असं आमच्याकडे म्हणतात, तुमच्या बाबतीत मात्र चुकलीच म्हणायची. त्यानं पुन्हा खिडकीकडे पाहिलं.

"एकदाही चुकली नाही, हे कसं कळलं?"

ती म्हणाली, कसं म्हणजे, घेतलेला एकेक माणूस आज कुठल्या कुठे पोचलाय.

"ते घेतलेले झाले," तो म्हणाला. "न घेतलेल्यांचं काय झालं ते कोण येऊन सांगतं तुम्हाला?"

टाकी कधीपासून पाझरतेय हे त्यानं रखवालदाराला विचारलं असेल, त्याच सुरात त्यानं हे विचारलं. उत्तराची त्याला गरजही नसावी, कारण पुढे तो स्वतःबद्दलच बोलू लागला; की तुम्ही घेतलं नाहीत ते बरंच झालं, मी तुमच्याकडे टिकलो नसतो, माझ्या या वेळ लावण्यापायी मागच्याच महिन्यात एक मोठं गिऱ्हाईक गेलं. मग पेटी सुकवायची होती म्हणून तो जिना चढून वर गेला.

ती रस्त्यावर आली. ऊन पांढरं स्वच्छ होतं आणि माणसं कामाला चाललेली होती, फाईल घेतलेली, मूल घेतलेली, हात रिकामे असलेली. बस घ्यायची ती सोडून ती चालायला लागली. बसावंसं वाटत नव्हतं. गंमत अशी की तिला भीती वाटत नव्हती, लाजही नाही. लाज वाटायला हवी होती. पण एखाद्या घरात वर्षानुवर्षं राहावं आणि एक दिवस कपाट हलवल्यावर मागे दार दिसावं, दारापलीकडे खोल्याच खोल्या असाव्यात, तसं तिचं झालं होतं. न घेतलेली माणसं. केवढी असतील ती. जेवढी घेतली त्याच्या कितीतरी पट. तिच्या खोलीतून उठून, दार हळू ओढून घेऊन, ती सगळी या शहरात गेली होती आणि त्यांचं पुढे काय झालं याची तिला शून्य माहिती होती, आणि त्या शून्यावर ती इतकी वर्षं आपल्या पारखीचा झेंडा रोवून उभी होती. नेम कधी चुकत नाही म्हणणाऱ्यानं लागलेले बाण तेवढे मोजावेत, गवतात गेलेले शोधूच नयेत. शीत तरी कुठलं बघत होतो आपण, तिच्या मनात आलं. भांड्यात वरच्या वर जे हाताला लागेल ते. जे स्वतःहून उडी मारून चमच्यात येईल ते. समोरून येणाऱ्या एका बाईला तिचा धक्का लागला, ती माफ करा म्हणाली, आणि त्या बाईच्या पाठीकडे बघत राहिली. हीसुद्धा कधी येऊन गेली असेल का आपल्याकडे.

आणि मग चालता चालता तिच्या मनानं, सवयीप्रमाणे, झटकन नवं उत्तर काढून दिलं. दगडच खरे. जे थांबतात तेच विचार करतात. जे पटकन बोलतात ते फक्त बोलतात. सगळं कसं लख्ख जुळलं. तो खिडकीकडे बघणारा माणूस, ते सावकाश फिरणारं चाक, आणि ताटावर मान घालून बसलेला दादा. अरे, दादा. वडिलांच्या त्या पंगतीत तो एकटाच खरा विचार करत बसला असेल, आणि आपण त्याच्या शेजारी बसून हसलो. तिचे डोळे भरून आले. बधिर गालावरून ओघळलेलं पाणी तिला कळलंही नाही, हनुवटीवर आल्यावर कळलं. तिला आत्ता, या मिनिटाला दादाशी बोलायचं होतं. ती एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि तिनं फोन लावला.

दादा पोहायला शिकवत असे. फोन उचलला तो शिट्टीचा आवाज, पाण्याचा खळखळाट आणि मुलांचा कल्लोळ, सगळं छपराला आपटून दुप्पट होऊन कानात आलं. "काय गं टिटवे," तो ओरडला. लहानपणापासून तो तिला टिटवी म्हणे, सारखी टिवटिव करते म्हणून. आणि त्या पायरीवर उभं राहून, लोळागोळा झालेल्या जिभेनं, तिनं त्याला सगळं सांगितलं. वडिलांचे प्रश्न, तिची उत्तरं, तो दगड, तिचं हसणं. म्हणाली, तू किती खोल विचार करत असायचास ते मला आज कळलं. म्हणाली, मला माफ कर. पलीकडे शिट्टी वाजली, कुणाला तरी पाय जोरात मार म्हणून सांगून झालं, आणि मग तो म्हणाला, "विचार कसला गं? मी जेवत होतो."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अगं, तू बोलत बसायचीस, बाबा विचारत बसायचे, तुमची दोघांची ताटं गार व्हायची. आई मला गरम गरम वाढायची. मी कशाला मधे पडू?" आणि तो हसला, पाण्यावरून घुमत येणारं मोठं हसू. उत्तरं येत होती का तुला, तिनं विचारलं. काही यायची, काही नाही, तो म्हणाला, कोण लक्ष देतंय, नळ आणि टाक्या. मग तुझ्या तोंडाला काय झालंय, दारू प्यायल्यासारखी बोलतेस, असं विचारून, उत्तर ऐकून, संध्याकाळी कोमट पाण्यानं चूळ भर असं बजावून त्यानं फोन ठेवला.

ती पायरीवर बसली आणि हसत सुटली. दुकानदारानं मान बाहेर काढून पाहिलं. तिला हसू थांबवता येईना, आणि अर्ध्याच तोंडानं हसता येत होतं त्यामुळे ते आणखीच वाढत होतं. एका सकाळीत दोन सिद्धान्त. पहिला बांधायला पन्नास वर्षं लागली होती, दुसरा औषधाच्या दुकानापर्यंत टिकला. दगड म्हणजे मठ्ठ नाही आणि दगड म्हणजे ऋषीही नाही. दगड जेवत होता. पन्नास वर्षांत तिनं त्याला विचारलंच नव्हतं. एवढंच होतं ते. बोलणाऱ्याचं बोलणं आणि गप्प बसणाऱ्याचं गप्प बसणं, दोन्हींचे अर्थ तीच लावत आली होती, स्वतःच्या मनात, स्वतःच्या वेगानं, आणि मग त्या अर्थांना माणसं समजत आली होती. आता तिच्या हातात कुठलंच माप उरलं नव्हतं, आणि थोड्या वेळानं तिला एका माणसाचं भवितव्य ठरवायला जायचं होतं, आणि तिला इतकं हलकं, इतकं उतावीळ कधी वाटलं नव्हतं. परीक्षेला जाताना पहिल्यांदाच उत्तरं माहीत नव्हती. काय मजा येईल, तिच्या मनात आलं, आणि या विचाराचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

बैठकीच्या खोलीत चौघं होती. मोठे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, कारखाना सांभाळणारे म्हातारे काका, हिशेब विभागातली नवी मुलगी, जी अशा बैठकीत आजवर फक्त आकडे विचारले तर बोलत असे, आणि ती. समोर दोन नावं होती. एक हजर. त्याला सगळे हजरच म्हणत, कारण हाक मारायच्या आत तो दारात असे आणि प्रश्न संपायच्या आत उत्तर देई. तो तिचा होता, तिनं घडवलेला, आणि आज त्याचंच नाव व्हायचं हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. दुसरी तक्रारबाई. ती तक्रारींच्या टेबलावर बसे, दिवसभर लोकांच्या शिव्या ऐके, आणि तिचं नाव यादीत घातलं होतं ते नावापुढे नाव हवं म्हणून.

साहेब सवयीनं तिच्याकडे वळले. ती म्हणाली, आज मी शेवटी बोलणार, जी सगळ्यांत नवी आहे तिनं आधी बोलावं. आणि एक करू या. समजा वर्ष उलटलंय आणि हजरची नेमणूक सपशेल फसलीय. ती का फसली ते प्रत्येकानं सांगायचं. काकांनी चष्मा काढला. साहेबांना वाटलं ती गंमत करतेय. हिशेबवाली मुलगी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली आणि खोलीत ती जागा तयार झाली, प्रश्न आणि उत्तराच्या मधली, उघडी, थंड. ती जागा भरायला तिची जीभ टाळूला लागली. भूल आता उतरली होती, दात ठणकत होता, शब्द तयार होते, नीट वळून घडी घातलेले. तिनं टेबलाखाली एका हातानं दुसरा हात धरला. आतून सगळं ओढ घेत होतं, उतारावर गाडीचा ब्रेक दाबून धरावा तसं. आणि आश्चर्य असं की त्या ओढीच्या पलीकडे एक आनंद होता, तीव्र, जवळजवळ चोरटा. आता पुढे काय होईल हे तिला माहीत नव्हतं.

"हजर खोलीत असले की मी बोलत नाही," मुलगी शेवटी म्हणाली. "म्हणजे, बोलायला जागाच राहत नाही. त्यांच्या हाताखालचे मेकॅनिकपण आता काही सांगत नाहीत. मला वाटतं, फसलं तर तसं फसेल. काहीतरी बिघडलेलं सगळ्यांना माहीत असेल, त्यांना सोडून." मग ती थांबली. कुणी मधे पडलं नाही, म्हणून तिनं उरलेलंही सांगून टाकलं. "मॅडम असल्या की पण तसंच होतं."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, शाब्बास ऐकून तापायच्या तशाच, अगदी तशाच, आणि तिनं नुसती मान हलवली, बोल म्हणून. मग काका बोलले. ते म्हणाले की तुझ्या दोन निवडी मला तेव्हाच पटल्या नव्हत्या, पण तुझी मान हलली की ठरलंच असं वाटायचं, आणि आपण म्हातारे झालो, आपल्याला काय कळतंय, असंही वाटायचं. कुठल्या दोन, तिनं विचारलं. त्यांनी सांगितल्या. त्यातल्या एका निवडीचं कारखान्यातली माणसं आजही कौतुक करत होती, आणि काका जे म्हणत होते ते खरंही असू शकत होतं. साहेब हसून म्हणाले, मला वाटायचं तुम्ही तिघं एकमताचे आहात. खोलीत एकदम सगळे बोलायला लागले. काका म्हणाले, नळीत हवा अडकली होती ती सुटली. इतकी वर्षं ज्याला ती एकमत समजत होती ते तिचं एकटीचं मत होतं, चार खुर्च्यांवर बसवलेलं.

तक्रारबाईबद्दल जे निघालं ते सगळं गोड नव्हतं. कुठल्या इमारतीची लिफ्ट कुठल्या महिन्यात रुसते हे तिला तोंडपाठ आहे, मेकॅनिक अडले की वरिष्ठाला सोडून तिला फोन करतात, हे खरं. पण ती तापट आहे, बड्या गिऱ्हाइकाला फाडकन बोलते, हिशेबात कच्ची आहे, हेही तितकंच खरं. तिचीही नेमणूक फसली असं धरून चालू, मुलगी म्हणाली, आणि कशी फसेल ते तिनंच पहिल्यांदा सांगितलं. दुपार कलली. चहा येऊन गार झाला. शेवटी तिघंही तक्रारबाईकडे झुकले आणि अजून बोलायची राहिलेल्या तिच्याकडे बघू लागले.

"मला अजूनही हजरच योग्य वाटतो," ती म्हणाली. "पण तुमची कारणं माझ्या कारणांपेक्षा चांगली आहेत." मग तिनं एवढंच मागितलं, की परतायची वाट ठेवू या. आधी सहा महिने प्रभारी म्हणून नेमू या, आणि आपण चुकलो हे कशावरून ओळखायचं तेही आजच ठरवू या, नंतर नको, नंतर आपण कुठलीही कारणं शोधू. त्याच त्या लिफ्ट पुन्हा पुन्हा बिघडायच्या थांबल्या नाहीत, किंवा चांगले मेकॅनिक सोडून जायला लागले, तर आपण चुकलो. ठरलं.

पुढे काय झालं ते सांगायचं तर, तक्रारबाईनं पहिल्याच काही महिन्यांत एका मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडण करून ते घालवलं, आणि त्याच काळात जुन्या बिघाडांचे फोन इतके कमी झाले की तिच्या जुन्या, तक्रारींच्या टेबलावर आलेली नवी बाई कंटाळून विणकाम शिकली. मेकॅनिक गेले नाहीत. तक्रारबाईला कायम करण्यात आलं. हजर असता तर याहून बरं झालं असतं का, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं, आणि ते कळणार नाही हे आता त्या पारखीला माहीत होतं. न घेतलेल्या माणसांना ती अधूनमधून फोन करू लागली. एकानं फोन आपटला. एकीनं शांतपणे, सविस्तर शिव्या दिल्या. एक जण बायकोला घेऊन भेटायला आला आणि तासभर बसला. त्यांच्यातून तिला काही मोठं सूत्र सापडलं नाही. फक्त मुलाखतीला बसलेल्या माणसाकडे बघताना तो पुढे कुठे जाईल ही उत्सुकता तिला वाटू लागली, घेतला तरी आणि न घेतला तरी.

पण त्या दिवशी बैठक संपली तेव्हा एक काम उरलं होतं, आणि ते तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. हजर चाचणीच्या मनोऱ्यावर होता. कारखान्याच्या मागे तो उंच, बिनखिडक्यांचा मनोरा होता. नव्या लिफ्ट आधी तिथे चालवून बघत. ती वर गेली. वरच्या खोलीत तेलाचा आणि गरम लोखंडाचा वास होता, दोर मंद गुणगुणत होते, आणि ती दारात दिसताच तो उठून उभा राहिला. तिनं सरळ सांगितलं. तिचं वाक्य पुरतं व्हायच्या आत तो म्हणाला, काही हरकत नाही मॅडम, मी समजू शकतो, कंपनीचं हित आधी. चेहरा हसरा, उत्तर चोख. शब्द तिचेच होते, आणि तिचाच सूर होता. सकाळी लिफ्टच्या आरशात पाहिलेल्या चेहऱ्यासारखं काहीतरी तिला त्याच्यात दिसलं, दुसऱ्या कुणीतरी ठेवायला दिलेलं.

"मला घाई नाही," ती म्हणाली.

तो हसरा चेहरा काही वेळ तसाच राहिला. मग तो हळूहळू उतरला. दोर गुणगुणत राहिले. तिनं काही विचारलं नाही, काही सुचवलं नाही, आणि आता ते तितकं जड गेलं नाही.

"राग आलाय मला," तो म्हणाला. "दोन वर्षं तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवताय. मला वाटलं असंच बोलायचं असतं. घरी बायको म्हणते, हल्ली तू समोरच्याचं ऐकतच नाहीस, मधेच उत्तर देतोस. मुलीलासुद्धा. ती चार वर्षांची आहे हो. तिला एक वाक्य पुरं करायला वेळ लागतो."

ती ऐकत राहिली. तो इकडेतिकडे फिरला, हातातलं फडकं त्यानं उगाच एका लोखंडी कठड्यावर फिरवलं, आणि मग, तिच्याकडे न बघता, अडखळत, मधेच थांबत, एका भलत्याच गोष्टीबद्दल बोलू लागला. म्हाताऱ्या माणसांच्या काठीबद्दल. लिफ्टच्या बंद होणाऱ्या दाराला माणूस कळतो, पण पुढे टेकवलेली बारीक काठी कळत नाही. दार काठीवर मिटतं आणि माणसाचा तोल जातो. कितीतरी दिवस तो त्याच्यावर काहीतरी करत होता, इथे, सुट्टीनंतर. हे तिला कधी का सांगितलं नाही, असं तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला की ते पुरं झालेलं नाही, आणि तुम्ही लगेच विचारलं असतं, खर्च किती. तिनं नक्की तेच विचारलं असतं. त्यानं धूळ बसलेल्या पत्र्यावर बोटानं दाराची चौकट काढली, तिच्या पुढे काठी काढली, एक तिरकी रेघ मारली, ती पुसली, दुसरी मारली. त्याचं बोट वेगानं चालत होतं आणि बोलणं मागे पडत होतं. तिनं त्याला असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. तिला अर्धंच समजलं. त्या अर्ध्यानंही तिच्या अंगावर काटा आला.

"इथपर्यंत आलंय," तो म्हणाला. "पुढचं मला माहीत नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली, आणि हत्यारांची पेटी ओढून त्या पत्र्यासमोर बसली.